मदत हवी आहे: बॉक्स्टरच्या सीटमागे पाणी मुरतंय, छपराचे ड्रेन घरी साफ करता येतात का?

बिनटपाचा | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, गाडी पोर्शची बॉक्स्टर ९८७, २०१० चं मॉडेल, घडी होऊन मागे जाणारं कापडी छप्पर (कन्व्हर्टिबल). सेकंडहँड घेतली त्याला तीन वर्षं झाली. हौस अजून फिटलेली नाही, म्हणून हा धागा.

राहायला पुण्यात, सहकारनगर. सोसायटीत शेडखालच्या जागा मोजून सहा, त्या सहाही जुन्या सभासदांकडे. ('जुना सभासद' हे आमच्याकडे पद आहे.) त्यामुळे माझी गाडी कंपाउंडच्या कडेला सोनमोहराखाली उभी असते. एप्रिलपासून रोज सकाळी टपावर पिवळ्या पाकळ्यांचा थर. येणारे-जाणारे फोटो काढतात, मी कुंचा घेऊन झाडतो.

गुरुवारी संध्याकाळी वळवाने तासभर झोडपलं. शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर ओल्या गोधडीचा वास. डाव्या सीटमागचं कार्पेट अंगठ्याने दाबलं, तर अंगठ्याभोवती पाणी वर आलं आणि अंगठा उचलल्यावर निमूटपणे परत आत गेलं. उजवीकडे कोरडं. पुढे पाय ठेवतो तिथे दोन्हीकडे कोरडं. छपराला आतून हात फिरवला, कापड कुठेच ओलं लागलं नाही.

एका वर्कशॉपला दाखवली. त्यांनी दहा सेकंद बघून सांगितलं की ड्रेन चोकअप आहेत, छप्पर उतरवावं लागेल, गाडी चार दिवस ठेवा. जो आकडा सांगितला त्यात माझी पहिली स्प्लेंडर आली होती, हेल्मेटसकट.

विचारायचं असं की हे ड्रेन नेमके असतात कुठे, आणि छप्पर न उतरवता हात पोचतो का? शेजारचे काका म्हणतात, पंक्चरवाल्याकडे ने, हवा मारली की दोन मिनिटांत मोकळं. मारू का? मृग लागायच्या आत काहीतरी व्हायला हवं.

चहाबिस्कीट | सोमवार, रात्री १०:५२

म्हणजे गाडीला छप्पर नको म्हणून जास्तीचे पैसे मोजलेत आणि आता छपरासाठी परत मोजताय. लगे रहो.

(मदत काही नाही. धागा वर ठेवतोय.)

नानापेठी | सोमवार, रात्री ११:३५

हवा अजिबात मारू नका. आधी एवढं वाचा, मग बाकीचं.

ड्रेनचा पाइप म्हणजे रबराची किंवा प्लॅस्टिकची नळी, वरच्या तोंडावर नुसती दाबून बसवलेली. क्लिप असलीच तर नावाला. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर शंभर-सव्वाशे पीएसआयवर चालतो. खाली बोळा घट्ट बसलेला असेल तर ती हवा बोळ्याला ढकलण्याआधी नळीच सांध्यातून उडवते. तुम्हाला 'फुस्स' ऐकू येतं, वाटतं मोकळं झालं. खरं म्हणजे आता पाणी नळीत न जाता थेट बॉडीच्या पोकळीत उतरतं. मग मात्र छप्पर खरोखरच उतरवावं लागतं.

आता मुळात हे काय प्रकरण आहे ते सांगतो. लोकांना वाटतं कन्व्हर्टिबलचं छप्पर पाणी अडवतं. पूर्ण अडवत नाहीच, आणि कंपनीने तसं धरलेलंही नसतं. कापडावरून आणि काचेच्या कडेने जे पाणी मागे ओघळतं, ते छप्पर घडी होऊन बसतं त्या खोबणीत येणारच. कौलारू घराची पन्हळ आठवा. त्या पन्हळीच्या दोन्ही टोकांना एकेक भोक, त्याला नळी, आणि नळी खाली मागच्या चाकाच्या पुढे बाहेर निघते. भोक तुंबलं की पन्हळ भरते, आणि भरली की काठावरून सीटमागे सांडते. म्हणजे तुमच्या गाडीला गळती नाही, तिची मोरी तुंबलीय.

बॉक्स्टरमध्ये छप्पर अर्धं उघडा. मागचं झाकण उभं राहिलं की बटण सोडा. चावी काढून खिशात घाला, घरात ठेवू नका, कारण घरातलं कोणीतरी 'बघू तरी' म्हणून बटण दाबतं आणि त्या सांगाड्यात बोट सापडलं तर बोट जातं. मग सीटच्या मागे, छपराच्या बिजागरीजवळच्या कोपऱ्यात टॉर्च मारा. अंगठा जाईल एवढं काळं तोंड दिसेल, प्रत्येक बाजूला एक.

तार घालू नका. आधी तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि कोणाला तरी मागच्या चाकापाशी बसवा. चालू ड्रेनमधून पाणी लगेच धार लावून खाली येतं. नुसतं ठिबकत असेल तर अर्धवट तुंबलाय. काहीच आलं नाही आणि वर पाणी उभं राहिलं, तर लगेच थांबा, नाहीतर तेच पाणी परत कार्पेटमध्ये जाईल. करून सांगा.

ओवी_क | मंगळवार, सकाळी ८:१०

आमची गाडी साधी सनरूफवाली एसयूव्ही, पण दुखणं हेच. मागच्या वर्षी ड्रायव्हरदादांनी सायकलच्या ब्रेकची केबल घातली. केबलचं टोक उसवलेलं होतं, त्याने नळीला आतून भोक पडलं. ड्रेन मोकळा झाला, आणि त्या दिवसापासून पाणी पुढच्या खांबातून डॅशबोर्डखाली यायला लागलं. आधी निदान छताला डाग तरी दिसायचा.

एक विचारते, ते पाणी एसीचं नाही ना? आमचा पहिला आठवडा त्याच शंकेत गेला होता.

नानापेठी | मंगळवार, सकाळी ८:४५

ताई, चांगली शंका, पण यांचं तसं दिसत नाही. एसीचं पाणी पुढे पायापाशी येतं आणि पाऊस नसतानाही येतं. यांचं मागे आहे आणि पावसानंतर आहे.

तरी पुढचं बॉनेट उघडून काचेखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून बघाच. बॉक्स्टरची बॅटरी तिथे असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना वेगळे ड्रेन आहेत. सोनमोहर मागेपुढे बघून पाकळ्या टाकत नाही.

बिनटपाचा | मंगळवार, रात्री ९:२०

केलं. सोसायटीत पाइपने गाडी धुवायला बंदी आहे, त्यामुळे तांब्या हे अवजार फारच सोयीचं निघालं.

उजवीकडे ओतलं, भाचा खाली बसला होता, "आलं आलं" म्हणून ओरडला. डावीकडे ओतलं. भाचा गप्प. मी अजून ओतलं. भाचा म्हणाला, "मामा, तू ओतलंस का?" वर पाहिलं तर पाणी तोंडाशी तसंच उभं, त्यावर तीन पाकळ्या तरंगतायत. शेवटी भाचीच्या औषधाच्या सिरिंजने ते परत काढलं.

कोपऱ्यातला वरवरचा गाळ बोटाने काढला, काळा, ओल्या तपकिरीसारखा. त्याच्या खाली बोट पोचत नाही. पुढे काय घालू?

मोरीची_पावडर | मंगळवार, रात्री ९:४१

आयडीवरून कळलं असेलच. अर्धा तास ठेवा, गरम पाणी ओता, संपला विषय.

नानापेठी | मंगळवार, रात्री ९:४४

अहो नका सांगू असलं काही, कोणीतरी खरंच करेल. त्यात कॉस्टिक सोडा असतो. तो ॲल्युमिनियम खातो आणि रंगावर उठतो.

बिनटपाचा, गवत कापायच्या मशीनला लागते ती नायलॉनची दोरी आणा. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. गोल घ्या, चौकोनी किंवा काटेरी नको. दोन-अडीच मिलिमीटर जाडी पुरे. टोक मेणबत्तीवर धरलं की वितळून मणी तयार होतो, तो गार होऊ द्या, म्हणजे नळीला टोचत नाही. गुंडाळीतून आलेली दोरी वाकडी असते, ती गरम पाण्यात घालून सरळ करून घ्या. मग घालताना ढकलायचं नाही, दोन बोटांत गोल फिरवत सोडायची. अडली की मागे घ्या, पुसा, परत सोडा. प्रत्येक वेळी दोरीला गाळ लागून येईल.

आणखी एक. आधी चालू बाजूला, म्हणजे उजवीकडे, दोरी घालून किती आत जाते ते बघा आणि तिथे चिकटपट्टी लावा. मग डावीकडे कुठे अडते ते समजेल.

डोंबिवलीचा_जावई | बुधवार, दुपारी १:०५

ओला-कोरडा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर खालच्या तोंडाला लावून ओढा. ढकलण्यापेक्षा ओढलेलं केव्हाही बरं, नळी सांध्यातून निघायची भीती नाही.

माझ्याकडे बीएमडब्ल्यूची झी-फोर ई-८५ नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी: तिच्यात छपराच्या हायड्रॉलिक पंपाची मोटर त्या खोबणीच्या अगदी तळाशी असते. ड्रेन तुंबला की पहिली बुडते ती मोटर. कार्पेट ओलं होण्यावर सुटलात तर स्वस्तात सुटलात समजा.

बिनटपाचा | शनिवार, संध्याकाळी ६:३०

मोकळा झाला! सविस्तर लिहितो, कारण मधे एक अनपेक्षित पात्र आलं.

दोरी उजवीकडे चिकटपट्टीपर्यंत सरळ गेली. डावीकडे वरची वीतभर गाळातून गेली, मग मोकळी, आणि चिकटपट्टीला चार बोटं उरली असताना खट्ट. मऊ लागत नव्हतं, भिंतीला लागल्यासारखं. फिरवलं, मागेपुढे केलं, तसूभरही हलेना. जोर लावणार होतो, तेवढ्यात वाटलं की हे टोक तर खालच्या तोंडापाशीच असणार, आधी तिकडून तर बघू.

गाडी इतकी खाली की जॅक न लावता डोकंच जात नाही. जॅक लावला, खाली आधाराची घोडी ठेवली, चाकाला विटा लावल्या आणि आरसा धरून पाहिलं. नळीच्या तोंडात मातीचा बुच. गुळगुळीत, कडेला बोटांनी लिंपल्यासारख्या रेघा. कुंभारीण माशीने घर केलं होतं! बाहेरून माशीचं लिंपण, वरून सोनमोहराचा गाळ, आणि मी वरून दोरीने तो गाळ त्या मातीवर ठासत होतो.

पाण्याने माती भिजवली, दहा मिनिटं थांबलो आणि बांबूच्या काडीने कडेकडेने उकरली. पोळी लाटण्याएवढा वेळ लागला नसेल. शेवटचा तुकडा निघाला आणि वरचं सगळं एकदम खाली आलं, थेट माझ्या बाहीत. पाकळ्या लगदा होऊन काळ्या झालेल्या, त्यात सोनमोहराची ती बारीक पानं, आणि एक पूर्ण शाबूत तांबडी शेंगेची कपची. वास सांगत नाही.

नंतर वरून तांब्या ओतला. भाचा ओरडला.

ओवी_क | शनिवार, संध्याकाळी ७:१५

कुंभारीण! आमच्याकडे स्विचबोर्डाच्या भोकात करते. खालच्या तोंडाला बारीक जाळी लावली तर?

नानापेठी | शनिवार, रात्री ८:००

अभिनंदन. जाळी नको, ताई. माशी अडेल, पण पाकळ्याही तिथेच अडतील. पंधरा दिवसांनी एकदा तांब्या ओतला तरी पुरे, ओल्या नळीत ती घर करत नाही आणि गाळ बसायच्या आत वाहून जातो.

आता कार्पेट. वरून वाळलं म्हणून फसू नका. खाली जाड फोम असतो, तो आठवडाभर पाणी धरून ठेवतो आणि कुबट वास त्याचाच. कार्पेट उचलून खाली विटेचा तुकडा सरकवा, टेबलफॅन लावा, काचा दोन बोटं खाली. सीट काढायची वेळ आली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबूनच सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावा. पिवळा म्हणजे एअरबॅग. तो सुटा असताना इग्निशन चालू केलंत तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

आणि छपराच्या रबरांना व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल लावू नका, कोणीतरी सुचवेलच. पेट्रोलियमने ते रबर फुगतं. सिलिकॉनचं ग्रीस बोटभर, बस्स.

बिनटपाचा | रविवार, सकाळी ११:५०

फोम खरंच चिंब होता. जुना टॉवेल ठेवून त्यावर उभा राहिलो, पिळला, परत ठेवला, असं सात वेळा. आता फॅन चालू आहे आणि एक्स्टेन्शन बोर्ड पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलाय. सेक्रेटरी दोनदा येऊन बघून गेले, अजून काही बोललेले नाहीत.

पुढच्या बॉनेटखालीही पाहिलं. बॅटरीच्या डाव्या बाजूला मूठभर पाकळ्या निघाल्या, पण पाणी जात होतं.

वर्कशॉपला फोन करून नको म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणाकडे केलंत? काय सांगणार.

चहाबिस्कीट | रविवार, दुपारी १२:०४

तांब्याचं काय झालं?

बिनटपाचा | रविवार, दुपारी १२:३०

आईने ओळखला. म्हणाली, तो आता गाडीचाच राहू दे, घरात आणू नकोस.