पांढरं पाखरू आणि घासलेला दगड

वाईकडच्या एका पडक्या वाड्यात 'माणसाच्या तोंडाचं पांढरं पाखरू' दिसल्याचं कुणीतरी लिहिलंय, ते वर्णन गव्हाणी घुबडाशी तंतोतंत जुळतं. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, पोटाकडून पांढरं, आणि ओरडणं म्हणजे घूघू नव्हे, चक्क किंचाळी. पंखांच्या कडेला मऊ झालर असते, म्हणून डोक्यावरून गेलं तरी चाहूल लागत नाही. अंधारात असं काही दिसल्यावर भूत वाटणारच.

आमच्या सातारा भागात याला जोडून दगडाची गोष्ट सांगतात. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नदीवर नेतं, घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा खंगत जातो. मला ही गोष्ट मनापासून आवडते. तिच्या धाकानं पोरं निदान दगड मारायला कचरतात. अपशकुनी म्हणून घरटी मोडणाऱ्यांचा मात्र संताप येतो. ऊसपट्ट्यात उंदरांचा एवढा उच्छाद, आणि या पक्ष्याचं मुख्य खाणं उंदीरच! शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबडांना संरक्षण आहे.

तो वाडा पाडायचा असेल तर आधी आत पिल्लं आहेत का बघा. असतील तर ती उडेपर्यंत, साधारण दोन महिने, कृपया थांबा.