मदत हवी आहे: बव्हेरियातील गावाच्या मानचिन्हाचा अर्थ

इसारकाठ: मुलीला सोमवारी शाळेत आमच्या गावाच्या मानचिन्हाविषयी बोलायचे आहे. ढालीवर एका काळ्या माणसाचे मस्तक, उजवीकडे निळे-पांढरे तिरके चौकोन आणि खाली नागमोडी पट्टा आहे. याचा अर्थ काय? कृपया लवकर सांगावे.

जुनीनाणी: गाव कुठले आणि मस्तकावर मुकुट आहे काय, हे न सांगता अर्थ कसा सांगावा? शिवाय उजवीकडे म्हणजे कोणाच्या? मानचिन्हांच्या शास्त्रात ढाल धरणाऱ्याची उजवी बाजू मोजतात, ती पाहणाऱ्याच्या डावीकडे येते.

कोबुर्गवासी: मुकुट असो वा नसो, हे संत मॉरिस आहेत, काळ्या वर्णाचे दाखवले जाणारे ख्रिस्ती हुतात्मा. आमच्या कोबुर्गच्या मानचिन्हावर तेच आहेत; १९३४ मध्ये नाझींनी ते मस्तक काढून तेथे तलवार व स्वस्तिक बसवले आणि १९४५ मध्ये ते पुन्हा आले.

इसारकाठ: गाव म्युनिकच्या उत्तरेला, फ्रायसिंगच्या वाटेवर आहे. मुकुट आहे, लाल. तो सांगण्यासारखा वाटला नाही.

जुनीनाणी: तोच तर सांगायचा होता! हा फ्रायसिंगचा मूर, म्हणजे मुकुट घातलेल्या काळ्या माणसाचे मस्तक; ती तेथील बिशपांच्या सत्तेची खूण. १८०२-०३ मध्ये ती सत्ता संपून मुलूख बव्हेरियाकडे गेला, पण बिशपांच्या अमलाखालील कित्येक गावांनी मूर राखला. निळे-पांढरे चौकोन बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याचे आहेत; नागमोडी पट्टा बहुधा नदीचा, तुमच्याकडे इसारचा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ मध्ये हाच मूर आपल्या मानचिन्हात घेतला, कारण ते पूर्वी म्युनिक-फ्रायसिंगचे आर्चबिशप होते.

कोबुर्गवासी: तरीही मुळात तो संत मॉरिसच असणार.

जुनीनाणी: तसे मानणारे आहेत, पण इतिहासकारांत एकमत नाही. शाळेत ठामपणे सांगू नये.

नियमावली: मानचिन्ह टी-शर्टवर छापायचे असल्यास गावाच्या प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते.

इसारकाठ: छापायचे कोणालाच नाही. मुलगी विचारते आहे की त्याच पोपच्या चिन्हात पाठीवर गाठोडे घेतलेले अस्वल का आहे.

आळंदीकर: ते फ्रायसिंगचे पहिले बिशप मानले जाणारे संत कोर्बिनियन यांचे. रोमच्या वाटेवर अस्वलाने त्यांचे ओझ्याचे जनावर मारले, तेव्हा त्यांनी ओझे त्याच्याच पाठीवर लादले, अशी कथा आहे. आपल्याकडे रेड्याने वेद म्हटले, तिकडे अस्वलाने सामान वाहिले.

इसारकाठ: हे तिला लगेच कळले. मूर मात्र मी तिला अजून समजावतो आहे.