साधा कॉलम वाढवला आणि अकरा मिनिटं साइट ठप्प, नेमकं काय झालं?

रात्रपाळी_डीबीए:
नमस्कार मंडळी. पुण्यात एका कंपनीत आहे, तीन वर्षं झाली, डेटाबेस बघणारा टीममध्ये मी एकटाच. मंगळवारी रात्री पावणेबाराला ऑर्डरच्या टेबलला एक कॉलम वाढवायचा होता, डेटाबेस पोस्टग्रेस 14, नल म्हणजे रिकामा चालणारा साधा कॉलम, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) एंटर दाबताच झालेला. प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या साइटच्या डेटाबेसवर, कमांड परतच येईना आणि दोन मिनिटांत फोन सुरू, साइट उघडत नाही, पेमेंट अडकलंय. सीपीयू बघितला तर शांत, डिस्क शांत. शेवटी घाबरून कमांड कॅन्सल केली आणि सगळं एकदम सुरू झालं. सकाळी मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकच, डेटाबेस स्लो आहे, सर्व्हर मोठा घ्या. मला पटत नाहीये पण कारण सांगता येत नाहीये, फार त्रास होतोय याचा.

घाटवाट:
सर्व्हरचा खर्च आधी थांबव, त्याने काही होणार नाही. हे लॉकच्या, म्हणजे टेबलवरच्या ताब्याच्या, रांगेचं प्रकरण आहे. अल्टर टेबलला, म्हणजे तुझ्या कॉलम वाढवायच्या कमांडला, अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो, त्याच्याबरोबर साधा सिलेक्टसुद्धा, म्हणजे नुसतं वाचणंही, चालत नाही. तुझ्याआधी कुणाचा तरी लांबलचक रिपोर्ट त्याच टेबलवर चालू असणार, किंवा कुणी बिगिन करून (ट्रान्झॅक्शन उघडून) सिलेक्ट मारला आणि कमिट न करताच (ते न संपवताच) उठून गेला. तुझा अल्टर त्याच्या मागे थांबला आणि नंतर आलेली प्रत्येक क्वेरी अल्टरच्या मागे. घाटात ट्रक हळू चढत असला तरी बाकीच्या गाड्या बाजूने निघतात, पण त्याच्या मागे अख्खा रस्ता रिकामा हवा असलेला ट्रेलर येऊन थांबला की मागचं सगळं अडतं. काम कुणीच करत नव्हतं, सगळे वाट बघत होते, म्हणून सीपीयू शांत.
पुढच्या वेळी त्याच सेशनमध्ये (डेटाबेसच्या जोडणीत) आधी लॉक टाइमआउट दोन सेकंद लाव, लॉक नाही मिळाला तर एरर येऊन कमांड बाहेर पडेल, मग थोड्या वेळाने परत चालव. आणि असं अडकलं तर पीजी ब्लॉकिंग पिड्स हे फंक्शन वापर, कोण कुणाला अडवतंय ते लगेच दिसतं, 9.6 पासून आहे.

नाशिककर_७:
मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्येही हाच प्रकार, तिथे मेटाडेटा लॉक म्हणतात. तिथला लॉक वेट टाइमआउट डिफॉल्टला 31536000 सेकंद असतो, म्हणजे पूर्ण एक वर्ष! आम्ही चेंजच्या सेशनला पाच सेकंद करून ठेवतो. रिपोर्ट रेप्लिकावर (डेटाबेसच्या जिवंत नकलेवर) हलवता आले तर बघ, आमच्याकडे त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडला.

रिस्टोअर_ताई:
टेक्निकल उत्तर वर आलंय, मला दुसरंच सांगायचंय. रात्री बाराला एकट्याने प्रॉडक्शनवर चेंज करू नकोस रे. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेमध्ये रात्री उशिरापर्यंत दमून काम करणाऱ्या इंजिनियरने रेप्लिका समजून प्रायमरीची (मुख्य डेटाबेसची) डेटा डिरेक्टरी उडवली, बॅकअपच्या पद्धती कामाला आल्या नाहीत आणि सहा तास आधी सहज घेतलेल्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाच्या प्रतीवरून) उभं करावं लागलं. त्यांनी सगळं उघडपणे लिहिलं आणि एका माणसावर ढकललं नाही, हे मला फार मोठं वाटतं. मॅनेजरला सांग, चेंजच्या वेळी कॉलवर दुसरं कुणीतरी हवंच, डेव्हलपर असला तरी चालेल, त्याने फक्त कमांड आणि होस्टचं (सर्व्हरचं) नाव मोठ्याने वाचायचं. मी सहा वर्षं एकटीने ऑनकॉल केलंय, फोन वाजला नाही तरी झोप लागत नाही, ते अंगावर काढू नकोस.

रात्रपाळी_डीबीए:
दादा, ताई, खूप आभार. लॉग काढला, साडेअकराला सुरू होणारा विक्रीचा रिपोर्ट तेव्हा चालूच होता. स्टेजिंगवर मुद्दाम एका सेशनमध्ये ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून अल्टर चालवला, हुबेहूब तसंच अडकलं. उद्याच्या मीटिंगला हेच सगळ्यांसमोर करून दाखवतो, आणि चेंजच्या वेळी दुसरा माणूस पण तिथेच मागतो.