जलजीवन मिशनच्या पीएमयूत (प्रकल्प व्यवस्थापन कक्षात) सल्लागार आहे. या कामाचा उपयोग नक्की कुणाला?

कोपऱ्यातलं_टेबल:
पगार सल्लागार कंपनीचा, बसायचं जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात. सिव्हिल झाल्यावर बिल्डरकडे न जाता इकडे आले, कारण लोकांच्या घरात पाणी येईल असं काहीतरी करायचं होतं. करते काय, तर सोमवारच्या आढावा बैठकीचं पीपीटी. तालुकावार नळजोडण्या, हिरवं-पिवळं-लाल. साहेबांना लाल आवडत नाही, आणि साहेब नाराज झालेले आमच्या कंपनीला परवडत नाहीत. विभागातले मला 'कंपनीच्या मॅडम' म्हणतात, कंपनीला माझी आठवण हजेरीपत्रकापुरती. आई विचारते, "तू सरकारी की खासगी गं?"

यात टिकून राहावं असं काय आहे? 'देशसेवा' हे उत्तर कृपया नको.

बाणेरचा_बाब्या:
स्मार्ट सिटीची दोन कामं केली. अहवाल गुळगुळीत कागदावर, नंतर कपाटात. आता बँकांची कामं करतो, पैसेही बरे मिळतात. अनुभव बायोडेटात टाक आणि नीघ. अर्थबिर्थ रविवारी शोधावा.

निवृत्त_उपअभियंता:
ताई, बाब्यांचं ऐकायचं तर ऐका, पण आधी एक बघा. तुमच्या पीपीटीत नळ मोजलेत, उद्भव, म्हणजे जिथून पाणी येतं ती विहीर, मोजलाय का?

आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्ट. पाणी मुरतं ते वरच्या कुजलेल्या खडकात आणि भेगांत. डिसेंबरात काठोकाठ दिसणारी विहीर एप्रिलात तळ दाखवते. योजनेच्या हिशोबात माणशी रोज ५५ लिटर धरायचे, आणि त्या विहिरीची यिल्ड टेस्ट, म्हणजे ती किती पाणी देते याची चाचणी, मात्र कंत्राटदाराच्या सोयीने हिवाळ्यात! अशा टेस्टवर सह्या होताना मी पाहिल्यात. मग टाकी उभी, पाइप पुरलेला, नळावर चकचकीत तोटी, आणि मेमध्ये टँकर. तुमच्या तक्त्यात तो तालुका हिरवाच राहतो.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. हे आकडे तुमच्याच जिल्ह्याच्या कार्यालयात असतात, पण दोन खात्यांमध्ये जिना असतो आणि तो कुणी चढत नाही. शाखा अभियंत्याला बिलं आणि मोजमाप पुस्तिका यांतून फुरसत नाही. ती फुरसत तुमच्याकडे आहे. मार्च-मेची पातळी आणि मागच्या तीन उन्हाळ्यांतले टँकर, एवढे दोन रकाने गावाच्या नावापुढे जोडा. साहेबांना लाल रंग चालत नसेल तर रंग देऊच नका, नुसते आकडे ठेवा. बैठकीत आकडा वाचला गेला की तो इतिवृत्तात जातो, आणि इतिवृत्तात गेलं की पुढच्या बैठकीला अनुपालन, म्हणजे त्यावर काय केलं याचं उत्तर, द्यावं लागतं. बदलून आलेला साहेबसुद्धा ते टाळू शकत नाही. सल्लागाराचं नाव कुठेच राहणार नाही, हे मात्र धरून चाला. त्याचं वाईट वाटणार असेल तर बाब्यांचा सल्ला उत्तम.

ग्रामसेवक_माणदेश:
उपअभियंता साहेब बरोबर बोलले, पण पाणी असूनही योजना बंद पडतात. वीजबिल थकलं की पंपाचं कनेक्शन तुटतं. ग्रामसभेत पाणीपट्टी वाढवा म्हटलं की सरपंच माझ्याकडे बघतो, मी भिंतीकडे.

मॅडम, आम्हाला तीनशे पानी अहवाल नको. एका पानावर मांडून द्या: महिन्याचं वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, दुरुस्ती, भागिले घरं. मराठीत आणि मोठ्या अक्षरात. पंचायतीच्या भिंतीवर लावतो. आमच्या शेजारच्या गावात शाळेच्या गुरुजींनी असा हिशोब फळ्यावर मांडला, तेव्हा बायकांनीच पट्टी वाढवायला हात वर केले. पुरुष मागे बसून कुरकुरले, ते चालायचंच.

कोपऱ्यातलं_टेबल:
सर, रकान्यांचं या सोमवारीच करते. भूजलचं ऑफिस खरंच वरच्या मजल्यावर आहे, हसू आलं!

दादा, पाणीपट्टीचं पान आमच्या करारातल्या कामांत बसत नाही, म्हणजे कंपनी त्याचे तास धरणार नाही. तरी एका गावाचं करून बघते. तुमच्याकडची वीजबिलं आणि घरांची संख्या मिळेल का? आणि थकबाकीदारांनाही पट्टी लावता की त्यांची वेगळी यादी असते?

ग्रामसेवक_माणदेश:
सगळ्यांना सारखीच. बिलं व्यक्तिगत संदेशात पाठवतो. मार्चचं बिल बघून घाबरू नका, दोन महिन्यांचं एकत्र आलंय.