यकृतपेशीचा विभव ‘वाढतो’ की ‘घटतो’?

टिटवी: शरीरक्रियाशास्त्राच्या एका प्रकरणाचं भाषांतर करतेय. उपाशीपोटी रक्तातली साखर वाढवणारं ग्लुकागॉन यकृतात पोचलं की पेशीपटलाचा विभव (बाहेरच्या मानाने आतला विद्युतदाब), समजा, उणे ३५ मिलिव्होल्टवरून उणे ४२ वर जातो. मी लिहिलं, ‘विभव वाढतो’. तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईने ‘घटतो’ केलं. उणे ४२ ही लहान संख्या, म्हणे. गणिताने त्यांचं बरोबर, पण पटलाच्या आतबाहेरचा फरक वाढलाच ना?

खारीबटर: ‘अतिध्रुवीकरण होतं’ लिहा नि मोकळ्या व्हा.

टिटवी: तेच लिहिलं होतं आधी. नवऱ्याने विचारलं, यकृतात निवडणुका लागल्यात का?

उंबरठा: पारा उणे पाचवरून उणे दहावर गेला की आपण ‘पारा उतरला’ म्हणतो आणि ‘थंडी वाढली’ही म्हणतो. दोन्ही खरं. इथे थंडी महत्त्वाची आहे, पारा नाही. ॲलनीन हे अमिनो आम्ल पेशीत शिरतं ते सोडियमचा हात धरून. सोडियमवर धन भार. आतली बाजू जितकी जास्त ऋण, तितकी ओढ जास्त. त्याच ॲलनीनची पुढे साखर बनते. ‘विभव घटतो’ वाचून पोराला वाटेल, ओढ कमी झाली. सरळ ‘विभवांतर वाढतं’ लिहा.

शुद्धमती: ते राहू द्या, ‘ग्लुकागॉन हे संप्रेरक’ असं लिहिलंत ना? की हार्मोन?

खारीबटर: आलं संप्रेरक! आमच्या चाळीत कुणाचं संप्रेरक बिघडत नाही हो, ‘थायरॉइड निघतो’. परीक्षेत मी संप्रेरक आणि उत्प्रेरकाची अदलाबदल करून दोन मार्क घालवलेत.

शुद्धमती: तुमचे दोन मार्क गेले म्हणून शब्द टाकायचा? शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १९०५ साली हार्मोन शब्द वापरला तो ‘चालना देणे’ अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून. संप्रेरक नेमकं तेच सांगतो. चयापचयही बघा: चय म्हणजे साठवण, अपचय म्हणजे मोडतोड. मेटाबॉलिझममध्ये हे दिसतं का?

रापण: मग यकृत तरी कशाला? काळीज म्हणा. आमच्याकडे मटणवाल्याला ‘थोडं काळीज टाक रे’ सांगितलं की तो लिव्हरच टाकतो. संस्कृतात कालेय म्हणजे यकृतच.

उंबरठा: काळजाचा ठोका चुकतो तो मग लिव्हरचा का?

रापण: ठोका मागाहून आला असेल. ‘काळजाचं पाणी झालं’ घ्या. माणूस घाबरला की ॲड्रेनलिन यकृतातलं ग्लायकोजेन फोडून रक्तात साखर सोडतं. पाणी कसलं, साखरपाणी! जुन्यांना ठाऊक होतं.

शुद्धमती: जुन्यांना ग्लायकोजेन ठाऊक नव्हतं, रापणभाऊ. ही ओढूनताणून व्युत्पत्ती झाली.

रापण: व्युत्पत्ती कालेयची दिली. साखरपाणी माझं.

टिटवी: ‘विभवांतर’ पाठवलं होतं. बाईंचं उत्तर आलं: मूळ मजकुरात ‘अंतर’ कुठे आहे?

खारीबटर: रापण, काळीज कांद्यावर परतता की वाटपात?

रापण: कांद्यावर. वाटपात घातलं की चिवट होतं.