हाताने शिवलेली पाकिटे भेट द्यायची असतील तर चामडे कोणते घ्यावे?

मेणदोरा (ठाणे)

नमस्कार. नोकरी सांभाळून चामड्याच्या लहान वस्तू हाताने शिवण्याचा छंद मला काही वर्षांपासून आहे. पाकिटे, चष्म्याची घरे, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या अशा वस्तू मी करतो आणि नातेवाइकांना व मित्रमंडळींना देऊन टाकतो. चामडे धारावीतील दुकानांतून चौरस फुटाच्या भावाने आणतो.

अडचण अशी आहे की, माझ्याकडे येणारे चामडे साधारण दोन स्वभावांचे असते. एका प्रकारच्या कडा कितीही घासल्या तरी त्यांतून तंतू सुटतच राहतात आणि त्यावर ठसा उमटवला तर तो काही दिवसांत पुसट होतो. दुसऱ्या प्रकाराच्या कडा सुरेख चकाकतात, ठसाही टिकतो. परंतु त्याची वस्तू पावसाळ्यात कपाटात राहिली की तिच्यावर पांढरी बुरशी धरते. दुकानदार दोहोंना ‘प्युअर लेदर’ एवढेच म्हणतो. दुकानात उभे असतानाच हा फरक ओळखायचा कसा आणि ज्याला चामड्याची निगा राखायची सवय नाही अशा माणसाला भेट देण्यासाठी कोणते निवडायचे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला जोडून आणखी दोन प्रश्न आहेत. माझ्या पाकिटाचा नमुना इतर हौशी मंडळींना मोफत द्यायचा आहे. तो कसा द्यावा, म्हणजे त्यांचे माप चुकणार नाही? आणि आता ओळखीचे लोक पैसे घेण्याचा आग्रह करू लागले आहेत. केवळ सामानाचा खर्च घ्यावा, असे माझ्या मनात आहे. ते योग्य होईल का?

तरवड (चेन्नई)

चामडे कमावण्याच्या रसायनशास्त्राशी माझा नोकरीनिमित्त बराच संबंध आला आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाला थोडे विस्ताराने उत्तर देतो.

तुमचा पहिला प्रकार बहुधा क्रोम (क्रोमियम या धातूच्या) क्षारांनी कमावलेला आणि दुसरा वनस्पतिजन्य टॅनिनने, म्हणजे झाडांच्या साली-पाल्यातील तुरट द्रव्याने, कमावलेला आहे. क्रोम पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली आणि आज जगातील बहुसंख्य चामडे त्याच पद्धतीने तयार होते, कारण जे काम साली-पाल्याच्या अर्कात कित्येक आठवडे चालते ते तिथे एक-दोन दिवसांत उरकते. क्रोमचे चामडे मऊ असते, पाणी सोसते, उष्णताही सोसते. मात्र त्याचे तंतू ओले करून दाबले तरी एकमेकांना धरून बसत नाहीत. म्हणूनच त्याच्या कडा घासून चकाकत नाहीत. हा तुमच्या हाताचा दोष नाही. अशा चामड्याच्या कडेला रंगाचे दोन-तीन पातळ थर द्यावे लागतात किंवा चामडे कडेशी तासून पातळ करून ते दुमडून शिवावे लागते.

ओळखण्यासाठी ताज्या कापाकडे पाहावे. मधला भाग निळसर किंवा राखाडी दिसला तर क्रोम, तपकिरी किंवा पिवळसर दिसला तर वनस्पतिजन्य. आरपार रंगवलेल्या चामड्यात मात्र ही खूण लपते. तेव्हा एक चिंधीएवढा तुकडा घरी आणून उकळत्या पाण्यात मिनिटभर धरावा. वनस्पतिजन्य चामडे साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसलाच आक्रसते, त्यामुळे ते लगेच वळते आणि कडक होते. चांगले कमावलेले क्रोम चामडे जवळजवळ होते तसेच राहते. तुकडा जाळून राखेचा रंग पाहण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात, पण क्रोमच्या राखेत त्या धातूचे विषारी रूप तयार होऊ शकते, म्हणून ती घरात करू नये. उकळते पाणी पुरेसे आहे.

तिसरी शक्यताही ध्यानात ठेवा. क्रोमने कमावून नंतर वनस्पतिजन्य अर्क दिलेले मिश्र चामडेही बाजारात असते आणि त्याचे गुण या दोहोंच्या मधले असतात.

भेटीसाठी माझी निवड अशी असेल: दररोज हाताळले जाणारे पाकीट आणि कमरेचा पट्टा वनस्पतिजन्य चामड्याचा करावा, वर्षातून दोनदा कपाटाबाहेर निघणारी वस्तू क्रोमची करावी. बुरशी ही मुख्यतः न वापरल्यामुळे आणि कोंडलेल्या हवेमुळे येते. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांवर राहिली की तिला पोषक वातावरण मिळते, आणि ठाण्याचा जुलै त्याहून दमट असतो. त्यात आपण प्रेमाने खोबरेल तेल चोपडलेले असेल तर बुरशीची आणखी सोय होते. वनस्पती तेले काही काळाने खवट होतात, शिवाय चामड्यात जादा तेल मुरले की ते सैल पडते. मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात देऊन कापडाने पुसून घ्यावे, तेवढे पुरते. वस्तू सुती पिशवीत द्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही देऊ नये. बुरशी आलीच तर वस्तू घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झटकावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसावी (रंग सुटत नाही ना, हे आधी कोपऱ्यात पाहून) आणि सावलीत वाळवावी.

पाकिटासाठी तुम्हाला सहज मिळू शकेल असे उत्तम चामडे म्हणजे तमिळनाडूत बनणारे ‘ईस्ट इंडिया’ नावाने ओळखले जाणारे शेळी-मेंढीचे किंवा लहान जनावरांचे चामडे. त्याच्यासाठी पूर्वी मुख्यतः तरवडाची साल वापरत, आता वॅटल नावाच्या झाडाचे आयात केलेले अर्कही वापरतात. ते पातळ असूनही चिवट असते. बाहेरच्या भागाला १.२ मिलिमीटर आणि आतल्या खणांना ०.८ मिलिमीटरपेक्षा जाड चामडे घेऊ नका, अन्यथा घडी बसणार नाही.

एक सूचना लोखंडाविषयी. वनस्पतिजन्य चामडे ओले असताना त्यावर लोखंडाचा कीस, गंजकी पट्टी किंवा स्टील वूल लागले की काळे डाग पडतात, कारण टॅनिन आणि लोह यांचा संयोग काळा असतो. तुम्ही ज्यांना पाण्याचे डाग म्हणाल त्यांपैकी काही प्रत्यक्षात हेच निघतात. हाच गुण वापरून काळा रंगही देता येतो: शिर्क्यात लोखंडी खिळे भिजवून केलेले पाणी चामड्याला लावले की काळेपणा तंतूंतच मुरतो आणि कपड्यांना लागत नाही. नंतर मात्र आम्लता काढण्यासाठी खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने पुसून घ्यावे.

पंचगंगा (कोल्हापूर)

वरील उत्तर मोलाचे आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पायताणे होतात, तेव्हा त्या बाजूने भर घालतो.

शहरातील हौशी मंडळी कोल्हापुरात येऊन ‘चपलेचेच चामडे द्या, पाकीट करायचे आहे’ असे म्हणतात. तसे करू नये. आमचे चामडे मुख्यतः म्हशीचे असते. चुन्याने केस काढून ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात साल आणि पाणी भरून टांगून ठेवत. असे चामडे तळव्यासाठी आणि पट्ट्यांसाठी तयार झालेले असते. ते जाड आणि ताठ असते, खिशातल्या घडीला ते मानवत नाही. कमरेचा पट्टा, पाळीव कुत्र्याचा पट्टा, फार तर वहीचे आवरण यांसाठी मात्र त्याच्याइतके टिकाऊ दुसरे नाही. तीन ते चार मिलिमीटरची पट्टी मागा आणि ती म्हशीच्या पाठीची असावी, पोटाची नको; पोटाचे चामडे ताणले जाते आणि पट्टा वर्षभरात लांबतो.

आता पैशांविषयी. भेट दिलीत तर ती भेट आहे, त्याबद्दल कोणाचे काहीही म्हणणे असण्याचे कारण नाही. परंतु पैसे घ्यायचे ठरवले तर केवळ सामानाचा खर्च घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पगार दुसरीकडून मिळणारा माणूस हाताने शिवलेले पाकीट सामानाच्या किमतीत देऊ लागला की, त्याच्या ओळखीच्या माणसांच्या मनात हातकामाचा भाव तोच होऊन बसतो. मग तीच माणसे आमच्या दुकानात येऊन ‘एवढ्याशा चामड्याचे इतके पैसे?’ असे विचारतात. रापी आणि आरी घेऊन दिवसभर बसणाऱ्याचे घर त्या शिवणीच्या मजुरीवर चालते. आपल्या तासांचा योग्य मोबदला धरून किंमत सांगा किंवा एक पैसाही घेऊ नका. मधला मार्ग सर्वांत वाईट आहे.

दुसरे श्रेयाचे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हे आहेत. तरीही २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला उगमाचा उल्लेख न करता दाखवल्या आणि इकडून आक्षेप घेतले गेल्यावर भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. हौशी माणसाचा व्यवहार फार लहान असतो, हे खरे. पण तुम्ही कोल्हापुरी चपलेवरची वेणीची वीण किंवा कापशी चपलेचा बाजूचा कान आपल्या वस्तूवर उतरवलात तर ते कोठले आहे हे घेणाऱ्याला सांगत जा. ज्या समाजाला या कामापायी गावाबाहेर ठेवले गेले, त्याच्या कामाचा आज छंद होतो आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही, उलट कोणी शिकायला आले तर मी शिकवतो. फक्त ते काम कोणी सांभाळले हे सांगणे राहून जाऊ नये.

खोगीर (वॉल्सॉल, इंग्लंड)

मी राहतो ते गाव खोगिरांसाठी प्रसिद्ध आहे. येथील फुटबॉल संघाला लोक आजही ‘सॅडलर्स’ म्हणतात. त्यामुळे शिवण पाहायला आणि शिकायला मिळाली. नमुन्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मोजपट्टीत आहे.

पाकिटाचे नमुने एका देशातून दुसऱ्या देशात गेले की नोटेवर अडतात. ५०० रुपयांची नोट १५० × ६६ मिलिमीटर आहे, तर २० पौंडांची १३९ × ७३. येथील नमुन्याप्रमाणे केलेल्या पाकिटात आपली नोट उंचीला बसते आणि लांबीला दुमडते. आपल्या नमुन्यात येथील नोट वरून डोकावते. अमेरिकी डॉलर १५६ × ६६ असल्यामुळे तेथील नमुने भारतात निभावतात. म्हणून नमुन्यावर तो कोणत्या नोटेसाठी आहे हे लिहाच. बँकेचे कार्ड सर्वत्र ८५.६ × ५४ मिलिमीटरचे असते. दोन्ही बाजूंना शिवणीचे तीन-तीन मिलिमीटर आणि थोडी सैल धरून खणाची रुंदी ९५ ते ९६ ठेवावी. नवे चामडे सुरुवातीला घट्ट वाटते, तरीही याहून सैल करू नका, कारण ते वापराने ताणते आणि मग कार्डे निसटतात.

नमुना पीडीएफमध्ये द्या आणि पानावर बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढा. छापताना छपाईयंत्र आपोआप पान थोडे लहान करते. ती रेघ मोजल्यावर घेणाऱ्याला ते लगेच कळेल. चामड्याची जाडीही लिहा, कारण तोच नमुना दोन मिलिमीटरच्या चामड्यात शिवला तर पाकीट मिटतच नाही. आणि विकत घेतलेल्या नमुन्यात दोन रेघा बदलून तो मोफत वाटणे योग्य नव्हे.

शिवणीविषयी तुम्ही विचारले नाही, तरी भेटीचा टिकाऊपणा तिच्यावर असल्यामुळे लिहितो. एका दोऱ्याच्या दोन्ही टोकांना बोथट सुई लावून प्रत्येक भोकातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी न्याव्यात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवलेला असतो, त्यामुळे एक तुटला की पुढचे टाके सुटू लागतात. दोन सुयांच्या शिवणीत एक टाका झिजला तरी दुसऱ्या बाजूचा टाका जोड धरून ठेवतो. पाकिटासाठी टाक्यांतील अंतर तीन ते चार मिलिमीटर, दोरा ०.६ मिलिमीटरच्या आसपास आणि दोऱ्याची लांबी शिवणीच्या चौपट घ्यावी. शेवटी दोन टाके उलट घालावेत. पॉलिएस्टरचा दोरा असेल तर टोक किंचित वितळवून दाबावे; लिननचे टोक जाळू नये, कापून थोडा गोंद लावावा.

मेणदोरा (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पैशांबाबत पंचगंगा यांचे म्हणणे पटले. यापुढे भेट ती भेटच राहील. एक शंका उरते. ज्यांना द्यायचे त्यांत काही जैन कुटुंबे आहेत आणि माझे दोन सहकारी मुसलमान आहेत. वस्तू देण्यापूर्वी काय पाहावे?

तरवड (चेन्नई)

देण्यापूर्वी विचारावे, कारण सांगितल्याशिवाय दिलेली वस्तू परत करणे घेणाऱ्याला जड जाते. जैन घरात चामडे वापरत असतील असे गृहीत धरू नये. त्यांच्यासाठी तीच दोन सुयांची शिवण मेण लावलेल्या जाड कॅनव्हासवर उत्तम होते. हिंदू घरांतही अनेकांना गाईचे चामडे चालत नाही, तेव्हा शेळीचे किंवा म्हशीचे घ्यावे आणि तसे सांगून द्यावे. मुसलमान मित्रांना देताना अस्तर तपासा. आयात केलेल्या पातळ अस्तरांत डुकराचे चामडे पुष्कळदा असते. भिंगातून पाहिल्यास त्याच्या पृष्ठभागावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या गटांनी दिसतात. शेळीच्या चामड्यावर ती वेगळ्या, ओळींसारख्या मांडणीत असतात. मखमली बाजूवरून हे कळत नाही, त्यामुळे गुळगुळीत बाजू दिसत नसेल असे अस्तर घेऊच नका. सर्वांत सोपे म्हणजे अस्तरालाही बाहेरचेच शेळीचे चामडे ०.५ मिलिमीटरपर्यंत पातळ करून घेणे. मोठ्या बाजारात जाडी कमी करून देणारे यंत्रवाले सहसा असतात, फक्त कापण्याआधी अख्खे चामडे त्यांच्याकडे न्यावे.