वचन पाठ आहे, मन आडवं येतं : तुमचे अनुभव

जुनी_वेस
काल उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधला नामानाचा उतारा घेतला (२ राजे ५) आणि मला आमचे आजोबा आठवले. पुढचा उपदेश डोक्यावरून गेला.

नेवासा तालुक्यातलं गाव. आजोबा आणि धाकले आजोबा यांचं बांधावरून बिनसलेलं. चर्चमध्ये एक पार पुढे बसायचा, एक दाराशी. उपकारस्तुतीच्या सणाला लिलाव व्हायचा. कोंबड्या, अंडी, मेथीच्या जुड्या, जे ज्याने वाहिलं ते. आजोबा ईर्ष्येने बोली लावायचे. एका साली एका डांगराला एवढी बोली लावली की टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आजी म्हणाली, "डांगराला एवढे मोजले. भावाला सलाम फुकटात आहे, तो तेवढा निघंना तोंडातून."

नामानाचं तरी काय? अरामाचा सेनापती, अंगावरचं कोड बरं व्हावं म्हणून रथ-घोडे घेऊन अलीशा संदेष्ट्याच्या दारात उभा. संदेष्टा बाहेरसुद्धा आला नाही. नुसता निरोप धाडला, यार्देन नदीत सात बुड्या मार. हा तापला. आमच्या दिमिष्कातल्या (दमास्कसच्या) अबाना नि परपर नद्या काय वाईट आहेत? शेवटी चाकरांनी समजावलं, मोठं काही सांगितलं असतं तर केलंच असतं ना? आम्ही घरचे सगळे असेच. मोठं सांगा, करतो. बारकं सांगितलं की अपमान वाटतो.

आजोबा गेले भावाकडे. पण रात्री, कोणी बघू नये म्हणून. मत्तय ५ मधलं 'अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर' हे त्यांना तोंडपाठ होतं बरं का.

तुमच्याकडचं सांगा.

बावखल
आमच्या वसईत हेच पापनिवेदनात होतं. फादरांनी प्रायश्चित्त दिलं, आजच जावेला फोन कर. म्हटलं फादर, त्यापेक्षा अख्खी रोझरी, म्हणजे पूर्ण जपमाळ, सांगा ना. ते जाळीमागे हसले. केला फोन. तिने उचलला नाही, इतका आनंद झाला मला!! मग तिचाच आला परत.

सुके_बोंबील
@बावखल 😂😂 आमचे पप्पा प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचा उपवासकाळ) शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट. त्याग बघा.

बावखल
मासे चालतात ओ, नियमातच आहे

सुके_बोंबील
चालतात, पण पापलेटचा भाव बघता मटण हाच त्याग झाला असता

मस्कतकर
माझा प्रश्न गंभीर आहे, हसू नका. पगार झाला की दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, गावच्या चर्चला पाठवतो आणि दर वेळी मनात धुसफुसतो. चर्चच्या भिंतीला तीच ओल, मग जातात कुठे पैसे. बायबलमध्ये प्रेषित पौल सांगतो कुरकुरत देऊ नका, संतोषाने देणारा देवाला प्रिय. मग कुरकुर थांबेपर्यंत देऊच नये का?

कुकर_लावलाय
दे बाबा. नामान तरी हसत उतरला असेल का पाण्यात.
मत्तय २१ मधली दोन मुलं, एक 'नाही' म्हणून जाणारा नि एक 'हो' म्हणून न जाणारा, माझ्याच घरात आहेत. धाकटा 'नाही जाणार' म्हणून पाय आपटतो आणि दहा मिनिटांनी दळण घेऊन येतो. मोठी 'हो मम्मी, हो मम्मी' मोबाईलमधून. संध्याकाळी डबा तिथेच. थांबा शिट्टी झाली

निनवेला_नाही_जाणार
योना संदेष्टा विसरलात? देवाने निनवे शहराला इशारा द्यायला पाठवलेला. शेवटी त्याने आज्ञा पाळली की. निनवेला गेला, बोलला, अख्खं शहर पश्चात्ताप करून वाचलं. आणि हा बाहेर मांडव घालून रुसून बसला, देवाने त्यांना सोडलंच कसं म्हणून. मस्कतकर, तुझं योनासारखं आहे. पैसे पोचतात, तू पोचत नाहीस.

मस्कतकर
लागलं 🙏 पण ओलीचं विचारणारच

केडगाव_पॅसेंजर
विचारच. इथे सगळे 'मन वाकवा' म्हणतायत म्हणून बोलतो. आमच्याकडे एकाने हिशोब मागितला तर त्याला 'बंडखोर वृत्ती' म्हणून उपदेशातून टोमणे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात वाँटेजमध्ये झाला, पण तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रातून वाद चालूच. चर्च म्हणतं म्हणून मानणार नाही, शास्त्रात दाखवा. तिकडच्यांना ती बाई हट्टी आणि गर्विष्ठ वाटली. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना घेऊन आली ती हीच हट्टी बाई. मुली ठेवायच्या कुठे याची धड सोयही नव्हती. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. तेव्हा वचनापुढे वाकायचं की पाळकांच्या खुर्चीपुढे, एवढं आधी बघा.

जुनी_वेस
पटलं. आमचे पाळकसाहेब मात्र चांगले आहेत हो, उगाच त्यांच्यावर जायचं हे

संडे_स्कूल_बॅकबेंचर
बायबलमधलं गलती ३:२८ आमच्याकडून काकांनीच घोकून घेतलं. यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. पाठ झालं की लिमलेटची गोळी. ताईला स्थळ आलं, मुलगा चर्चमधलाच, वाद्यवृंदात तबला वाजवणारा. काकांचा पहिला प्रश्न, "पण मूळचे कोण?" ख्रिस्ती होऊन आमची चौथी पिढी!

बावखल
आमच्याकडे 'पाव्हणे कुठले' असं गोड विचारतात. अर्थ तोच.

केडगाव_पॅसेंजर
लक्ष्मीबाई टिळकांचं उलटं झालं. त्यांचे यजमान कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, तेव्हा या दुरावलेल्या, सोवळं कडक. आधी त्यांचं सोवळं सुटलं, कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या, बाप्तिस्मा त्यानंतर. आपण बाप्तिस्मा आधी घेतला नि सोवळं राखून ठेवलं.

कुकर_लावलाय
आले. डाळ करपली या धाग्यापायी. ताईचं लग्न झालं का पण?

संडे_स्कूल_बॅकबेंचर
झालं. काका पहिल्या पंगतीला. आता जावयाचा तबला सगळ्यांना ऐकवतात.

सुके_बोंबील
काकांना पापलेट वाढा

निनवेला_नाही_जाणार
विषय सोडून विचारतो, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला कोण येतंय? आमची गाडी निघतेय, जागा आहे.

कुकर_लावलाय
कुठून निघणार? मी आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, मागची सीट नको.